नको म्हणायचं बटण

सासूबाई शेजारणींना सांगत, "आमची सून बटणं काढते." शेजारणींना वाटे, शिवणकाम करत असेल. एकीने तर शर्टाला बटण लावून मिळेल का असं विचारलं, आणि सासूबाईंनी सवयीप्रमाणे "हो, मिळेल की" म्हणून शर्ट ठेवून घेतला. सुनेने तो मुकाट्याने शिवून दिला. तेव्हापासून ती सगळ्यांची बटणबाई झाली.

काम तिचं फोनवरच्या बटणांचं. चालायची आठवण करून देणारं एक ॲप होतं. त्यात कुठलं बटण कुठे असावं, त्यावर काय लिहावं, माणसाचं बोट कुठे अडखळतं, हे ती ठरवायची. त्यासाठी लोकांच्या हाती फोन द्यायचा आणि नुसतं बघायचं. मदत करायची नाही. समोरचा भलतीकडेच चाचपडत असला की हात शिवशिवतात, म्हणून बटणबाई चक्क स्वतःच्या हातांवर बसे. दोन्ही तळवे मांड्यांखाली, चेहरा कोरा. "माणसाच्या शब्दांवर जाऊ नये, भुवईवर जावं," असं ती ऑफिसात नव्यांना सांगे, आणि जरा तोऱ्यातच सांगे.

तिच्या साहेबांचा विश्वास आकड्यांवर. माणूस वाईट नव्हे, कुणाच्या घरी आजारपण असलं की न मागता रजा देत. पण आलेख वर चढला की त्यांना देव भेटल्यासारखं होई. त्यांनी एक नवी स्क्रीन करायला सांगितली. रोज संध्याकाळी ॲप विचारणार, "आज आणखी थोडं चालायचं ना?" खाली भलंमोठं हिरवं बटण, "हो, चालूया!" आणि त्याच्याखाली बारीक, फिकट अक्षरांत, "नको, मला माझ्या तब्येतीची पर्वा नाही."

"साहेब, हा टोमणा झाला," बटणबाई म्हणाली. "नको म्हणणाऱ्याला आपण घालूनपाडून बोलतोय."

"टोमण्याने माणूस चालत असेल तर टोमणा गुणकारी म्हणायचा," साहेब हसले. "थोड्या लोकांना वापरून बघू दे. कुणी कुरकुरलं नाही तर सगळ्यांना पाठवू."

लोक कुरकुरणारच, याची तिला खात्री होती. म्हणून तिने वाद वाढवला नाही. पण चाचणीतल्या एक बाई ऐनवेळी गावाला गेल्या आणि त्यांच्या जागी तिने सासूबाईंना घेतलं. घरच्या माणसावर चाचणी घ्यायची नाही हा या धंद्यातला पहिला नियम, तो तिला पाठही होता. पण अडला हरी काय करतो ते आपल्याला ठाऊक आहे. ती म्हण इथे पुरी केली तर सासूबाईंना बरं दिसणार नाही.

आणि सासूबाई तरी कशा? त्यांच्या तोंडून जन्मात नकार निघाला नव्हता. दारावरच्या विक्रेत्याचं मन मोडू नये म्हणून त्यांनी टक्कल पडलेल्या मुलासाठी कंगव्यांचा संच घेतला होता. सुनेच्या हातची कॉफी त्या सकाळ-संध्याकाळ शेवटच्या थेंबापर्यंत पीत आणि "छान झाली हो" म्हणत. बटणबाईला त्या कॉफीचा फार अभिमान होता.

चाचणीत सासूबाईंनी रोज हिरवं बटण दाबलं. बाकीच्यांनीही बहुतेक तेच केलं. कुणी कुरकुरलं नाही. आलेख चढला, साहेब खूश झाले आणि सोमवारी स्क्रीन सगळ्यांना पाठवायचं ठरलं.

रविवारी सासूबाई खुर्चीतून उठेनात. गुडघा टम्म सुजला होता. डॉक्टर म्हणाले, "पायाला विश्रांती द्या, असं मी मागेच सांगितलं होतं. एवढं चालायला कोण लावतंय यांना?" बटणबाईला तोंड कुठे लपवावं कळेना.

घरी आल्यावर तिने विचारलं, "अहो आई, दुखत होतं तर नको का नाही म्हणालात? खाली बटण होतं ना."

"दिसलं की. पण तिथे लिहिलंय, तब्येतीची पर्वा नाही. आता पर्वा नसायला काय झालं? खोटं कसं दाबू?" सासूबाई थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि तू केलेलं ते. पहिल्या दिवशी बिचारी हातांवर बसून बघत होतीस. तुझ्या तोंडावर नको म्हणायचं? ऑफिसात तुझी मान खाली गेली असती."

बटणबाईला सासूबाईंविषयी माया दाटून आली आणि स्वतःचा संताप आला. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे त्याच भिडेवर तिने बटण बसवलं होतं, आणि आलेखात त्या भिडेचीच उंची मोजली होती.

सोमवारी ती साहेबांपुढे उभी राहिली. "माझ्या चाचणीत खोट आहे. मी घरच्या माणसाला बसवलं." आणि तिने गुडघ्याची सगळी हकिगत सांगितली. "ही स्क्रीन जाणार असेल तर मला या कामातून मोकळं करा."

हे काम तिच्या जिव्हाळ्याचं होतं, आणि साहेबांना ते माहीत होतं. ते खाकरले. त्यांनीही ती स्क्रीन गुपचूप आपल्या आईच्या फोनवर टाकली होती. त्यांनी तिथल्या तिथे आईला फोन लावला.

"छान आहे रे तुझं ते! रोज चालते मी," आई उत्साहाने म्हणाली.

"पाय दुखत नाहीत ना?"

"दुखायचेच रे. पण तू दिलेलं, त्याला नको कसं म्हणायचं?" साहेबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "बदला ते."

नव्या स्क्रीनवर दोन सारखी बटणं आली, "हो" आणि "आज नको". बाहेरच्या माणसांना बसवून रीतसर चाचणी झाली. आलेख थोडा उतरला, साहेबांनी सुस्कारा सोडला आणि स्क्रीन सगळीकडे गेली. त्या संध्याकाळी सासूबाईंनी उशीवर पाय ठेवून फोन हातात घेतला. बटणबाई सवयीने हातांवर बसली.

सासूबाईंनी "आज नको" दाबलं. "बरं, आराम करा," असं उमटलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"रागावत नाही?"

"नाही, आई."

सासूबाई स्वतःशीच हसल्या. बटणबाईचं मन भरून आलं. "थांबा, मस्त कॉफी करते," म्हणत ती उठली.

"अगं... रागावणार नाहीस ना?" सासूबाई म्हणाल्या. "आज नको. मला कॉफी आवडत नाही. पहिल्यापासूनच."

दुनियेच्या भुवया वाचणारी बटणबाई उभीच राहिली. ओठांवर आलं होतं, मग इतकी वर्षं प्यालात का? पण उत्तर तिला ठाऊक होतं. ती परत खाली बसली, दोन्ही तळवे मांड्यांखाली सारले आणि परक्यांना विचारायची तसंच विचारलं, "आणखी काय खटकतं?"

सासूबाईंनी उशीवरचा पाय नीट केला.

"वेळ आहे ना तुला?"