ज्याचं लग्न, त्याचं गाणं

गाणं सुरू व्हायच्या आधी भोंग्यातून खर्रर्र असा आवाज यायचा. भोंगा बांधून मी निंबाच्या फांदीवरच बसून राहायचो, खाली माझा भाऊ तबकडीवर सुई टेकवायचा. ती खरखर ऐकली की मांडवातली माणसं बोलायची थांबायची. अर्धं आयुष्य लग्नांत गाणी वाजवली. गाणं कोणाचं, हे तेव्हा एकदाही कुणी विचारलं नाही.

आता रोज विचारतात! लोणखेड्यात माझी पत्र्याची खोली आहे, जुने भोंगे ठेवलेली. तिथं कॉलेजची चार-पाच पोरं जमतात. मी बोलतो कमी, म्हणून लोक माझ्यासमोर मोकळे बोलतात. असे किस्से साचत जातात, भोंग्यात धूळ साचते तसे.

रोहिणी त्यांची पुढारी. विजय पावरा तिचा या कामातला जोडीदार, धडगावकडचा. कॉपीराइटचा कायदा बदला, गाणी-पुस्तकं सगळ्यांना मोकळी करा, अशी त्यांची मागणी. त्यासाठी सह्या गोळा करतात. गावोगावच्या बायकांची गाणी मोबाइलवर घेऊन यूट्यूबवर टाकतात. खाली लिहितात, ‘कोणीही घ्या, कोणीही गा.’

पण शहाद्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं, संजूनं, त्यातली दोन गाणी आपली म्हणून काढायला लावली. तिसऱ्यावरही त्याचा दावा आला, आठवडाभराच्या मुदतीनं. तिसरं गेलं की अख्खा चॅनेल बंद. दोन वर्षांची मेहनत! त्यात रोहिणीच्या आजीची, जिजीची, सगळी गाणी.

*

रोहिणी पहिल्यांदा खोली मागायला आली तेव्हा तिनं मला परीक्षेसारखा प्रश्न विचारला.

“आप्पा, तुम्ही लग्नात गाणं वाजवायचे, ते गाणं कोणाचं?”

मी बराच विचार केला. म्हटलं, “ज्याचं लग्न, त्याचं.”

दुसऱ्या दिवशी ते कापडावर मोठ्या अक्षरात लिहून पोरं मोर्चाला गेली. खाली माझं नाव! बायको म्हणाली, “घरमा त्ये तोंड उघडत नही, आन् मोर्चामा भाषण!”

*

एक प्राध्यापक रागानं खोलीत आले. त्यांनी लिहिलेल्या गाइडची पोरं झेरॉक्स काढतात, आणि त्याला ही टोळी फूस लावते, असं त्यांचं म्हणणं. अर्धा तास समजावलं. लेखकाचे कष्ट असतात, पुस्तक विकत घ्यावं. खोटं काहीच नव्हतं त्यात. पोरं मान खाली घालून ऐकत होती.

निघताना सरांची पिशवी कलंडली. आतून जाडजूड स्पायरल बाइंडिंग बाहेर आलं. कोण्या परदेशी लेखकाचं अख्खं पुस्तक, झेरॉक्स केलेलं!

सर म्हणाले, “हे... संदर्भासाठी आहे.”

विजयनं ते उचलून अदबीनं त्यांच्या हातात दिलं. म्हणाला, “सर, आमचं पण संदर्भासाठीच असतं.”

*

त्याच विजयचा दुसरा किस्सा. त्यानं एक पोस्टर काढलं होतं, ‘ज्ञान मोकळं करा’. महिनाभरानं दुसऱ्या एका कॉलेजनं तेच पोस्टर लावलं, विजयचं नाव खोडून. विजय लालबुंद होऊन आला.

“चोर आहेत साले! माझं पोस्टर ढापलं!”



रोहिणी म्हणाली, “अरे, मोकळंच होतं ना?”

“मोकळं होतं! पण नाव कुठं मोकळं केलं होतं मी?”

मी त्याला पाणी दिलं. खरं होतं त्याचं.

*

एकदा रोहिणीनं ठरवलं, एका गाण्याचा मूळ मालक शोधायचाच. म्हणजे संजूला पुरावा दाखवता येईल. जिजी प्रकाशा गावची. ती म्हणाली, “मी रनाळानी मावशीपाईन शिकनू.” पोरं रनाळ्याला गेली. मावशी म्हणाली, “मन्ही नणंदनं शिकाडं.” नणंद नवापूरकडे. पोरं तिकडेही गेली. म्हातारी खाटेवर बसून हसायला लागली.

“बोल मन्हा शेतस. पन चाल कोनी शे, माले काय ठाऊक? मन्हा लगीनमा लोनखेडाना भोंगावाला उनता, त्यानी वाजाडी व्हती!”

पोरं संध्याकाळी परत आली आणि माझ्याकडेच बघत बसली.

*

मुदत संपायला दोन दिवस राहिले तेव्हा रोहिणीनं संजूला फोन करून बोलावलं. तो आला. काळा चष्मा, नवी मोटरसायकल. जिजी कोपऱ्यात बसलेली होती.

“ताई, गानं मन्हं शे. स्टुडिओमा पैसा टाकेल शे मी.”

“दादा, तुम्ही आमचं ऐकलंत तरी का?”

“माले टाइम कोठे शे? यूट्यूबनं मशीन सारखं गानं पकडस, मी बटन दाबस.”

“मग आता ऐका.”

तिनं लॅपटॉपवर ते तिसरं गाणं लावलं. कानबाई देवीसमोर बसून बायका गात होत्या, जिजी पुढे, बाकीच्या मागे. या गाण्यात शेवटी प्रत्येक बाई आपापल्या घरच्याचं नाव घालते आणि देवीकडे त्याच्यासाठी मागणं मागते. एक झालं, दुसरं झालं. मग एक बारीक, जरा बेसूर आवाज आला.

“सुरतले गयेल मन्हा संजूले, माय, सुखी ठेव वं...”

संजूनं चष्मा काढला.

जिजी म्हणाली, “तुन्ही माय शे ती. मन्हा बाजूले बठेल व्हती.”

तो सुरतला कामाला असताना त्याची आई प्रकाशालाच राहायची; गेल्या दिवाळीच्या आधी वारली. त्याच्या स्टुडिओतल्या गाण्यात तिचा आवाज नव्हता.

“परत लावा,” तो म्हणाला.

रोहिणीनं परत लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा संपलं तेव्हा तिनं हळूच विचारलं, “दादा, दाव्याचं काय करायचं?”

संजूनं चपला घातल्या. मोटरसायकल दारातच राहिली. किल्लीही तिलाच लटकत होती. तो प्रकाशाच्या रस्त्यानं पायी निघून गेला.