काल काही खाल्लं नाही

गुरुवारी सकाळी दहा वाजता मनोहर काळसेकरांना इन्सुलिन सुरू होणार होतं, आणि पावणेदहाला माझ्या खोलीत तुपातल्या जिऱ्याचा वास आला.

माझी खोली न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर होती, लाँड्रीच्या शेजारी. एरवी तिथे ब्लीचचा वास यायचा. मी तिथे डाएटिशियन होते. डॉक्टर माझ्याकडे पेशंट पाठवायचे आणि काय खावं, किती खावं हे मी त्यांना समजावायचे. काळ ऐंशीच्या दशकातला. टीव्हीवर रोज सकाळी एरोबिक्स चालायचं आणि महिन्याला एक नवं डाएट निघायचं. कधी नुसती ग्रेपफ्रूट खायची, कधी नुसतं कोबीचं सूप प्यायचं. माझ्याकडे मात्र वर्षानुवर्षं एकच छापील कागद होता. त्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'डाएट' लिहिलेलं, खाली कॉटेज चीज, कोरडा टोस्ट आणि उकडलेलं चिकन. मराठी माणसालाही मी तोच कागद द्यायचे. याची लाज मला पुढे वाटली, तेव्हा वाटत नव्हती.

काळसेकर पन्नाशीचे. मूळचे सांगलीचे, बँकेत कारकून. मेव्हण्याने बोलावलं म्हणून अमेरिकेत आले आणि इथे बसचे ड्रायव्हर झाले. सकाळी न्यू जर्सीतून ऑफिसची माणसं भरून न्यूयॉर्कला न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. युनिफॉर्मला घरी इस्त्री करून येणारा माणूस. बारा वर्षांत एकही अपघात नाही, हे ते कुणालाही पहिल्या भेटीतच सांगायचे. त्यांना डायबेटिस होता. गोळ्या चालू होत्या, तरी वर्षभरात रक्तातली साखर उतरायच्या ऐवजी चढली होती.

आता इन्सुलिन घेतात कितीतरी लोक. पण त्या काळी नियम असा होता, की इन्सुलिन घेणाऱ्याला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारी बस चालवता येत नसे. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या मध्ये एक नदी आहे. ती ओलांडली की राज्य बदललं. म्हणजे पहिलं इंजेक्शन घेतलं, की काळसेकरांची नोकरी गेली. दोन महिन्यांनी कंपनीची वैद्यकीय तपासणी होती. त्या वयात, त्या इंग्रजीवर दुसरी नोकरी कोण देणार, हे ते स्वतःच मला म्हणाले होते.

इन्सुलिनचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा, डॉ. कॉनलींचा होता, आणि तो त्यांनी माझ्या नोंदीवरून घेतला होता.

आमच्या कामात 'रिकॉल' नावाचा एक प्रकार असतो. पेशंटला विचारायचं, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लंत, आणि ते फॉर्मवर लिहायचं. काळसेकरांची सुट्टी मंगळवारी, त्यामुळे ते नेहमी मंगळवारी यायचे. कागद दिल्यानंतरच्या दोन्ही भेटींत मी विचारलं, काल काय खाल्लंत. दोन्ही वेळा ते म्हणाले, "काल काही खाल्लं नाही. उपास होता. संध्याकाळी सोडला, तेव्हा जेवलो." मी फॉर्मवर लिहिलं, 'नथिंग टिल डिनर.' बाकीचे दिवस कसे, असं विचारल्यावर म्हणाले, गुरुवार आणि शनिवारही तसेच. मी तेही लिहिलं.

मी पुण्याची. उपास म्हणजे काय ते मला कळायला हवं होतं. पण आमच्या आईचा सोमवार फार कडक. दिवसभर पाणी आणि दुपारी एक फळ. उपास म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तीच यायची. शिवाय कागद इंग्रजीत, फॉर्म इंग्रजीत, आणि मी आठ वर्षं त्याच भाषेत डोकं घालून बसलेली. मला काळजी वाटली ती वेगळीच. गोळ्या घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली येते, आणि हा माणूस पन्नास लोकांना घेऊन बस चालवतो. मी घाईघाईने डॉ. कॉनलींना सांगायला गेले. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि मान हलवली. "आठवड्यातले तीन दिवस हा माणूस जवळजवळ खात नाही, गोळ्या घेतो, आणि तरी साखर इतकी? मग गोळ्यांचा उपयोग संपला. इन्सुलिन." त्यांच्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं.

तर तो गुरुवार. नर्स सिरिंज दाखवायला वरच्या मजल्यावर वाट पाहत होती. काळसेकर माझ्यासमोर युनिफॉर्ममध्ये ताठ बसले होते. इंजेक्शननंतर डेपोत जाऊन साहेबांना सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या शेजारी त्यांची बायको, शालिनीकाकू. त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि वास त्या पिशवीतून येत होता.

"काकू, डब्यात काय आहे?" मी विचारलं.

"यांची खिचडी गं. गुरुवार ना आज."

मी डबा मागितला. चांगला दोन पुडांचा स्टीलचा डबा होता. खालच्या पुडात साबुदाण्याची खिचडी गच्च भरलेली, भरपूर दाण्याचं कूट आणि बटाट्याच्या फोडी. वरच्या पुडात बटाट्याचा उपासाचा चिवडा आणि दोन राजगिऱ्याचे लाडू. माझ्या कपाटात रबराची खोटी अन्नं असायची. वाटाणे, मटणाचा तुकडा, भाताची मूद. पेशंटला माप कळावं म्हणून ती दाखवायची. त्यांत साबुदाण्याची खिचडी नव्हती. मी मापाचा कप काढला आणि खिचडी मोजली. तीन कप भरली.

"हे दिवसभराचं?"

"छे, दुपारपर्यंतचं," काकू म्हणाल्या. "संध्याकाळी उपास सोडायचा म्हणून काहीतरी गोड करतेच."

मी काळसेकरांकडे पाहिलं. "काका, तुम्ही मला म्हणालात काही खाल्लं नाही."

"नाहीच खाल्लं," ते म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच कळेना. "उपास होता ना. जेवलो नाही."

ते खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे जेवण वेगळं आणि फराळ वेगळा. खिचडी खाल्लेला माणूस उपाशीच असतो. हे मला जन्मापासून माहीत होतं, आणि मी फॉर्मवर 'नथिंग' लिहून मोकळी झाले होते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, पोटात गेला की त्याची भराभर साखर होते. आठवड्यातले तीन दिवस हे, आणि उरलेले चार दिवस माझ्या कागदावरचा कोरडा टोस्ट. त्या टोस्टने पोट भरायचं नाही, मग बसमध्ये चिवडा. साखर चढेल नाही तर काय होईल.

मी विचारलं, हे उपास कधीपासून. काकू खुलल्या. म्हणाल्या, लग्नाला सव्वीस वर्षं झाली, कधी संकष्टीसुद्धा धरली नाही यांनी. गेल्या वर्षापासून एकदम तीन वार. मी पहाटे उठून साबुदाणा भिजलाय का बघते. देवाने बुद्धी दिली.

काळसेकर खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, "देवासाठी नव्हते धरले. डॉक्टर म्हणाले डाएट करा. डाएट म्हणजे उपासच ना? म्हटलं, नीट करू."

 डब्याचं झाकण काकूंनी दोनदा लावलं आणि दोनदा काढलं. त्या वेळी मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. वर्षभर त्यांनी जे देवाचं म्हणून रांधलं होतं, ते माझ्या कागदाचं निघालं होतं.

मी त्यांना तिथेच बसवलं आणि वर गेले. नर्सला थांबायला सांगितलं. डॉ. कॉनली मोठे शिस्तीचे, चुकीला माफी नसलेले. मी म्हटलं, माझी नोंद चुकली आहे, तिच्यावरून इन्सुलिन देऊ नका. मग उपासाला काय खातात ते सांगितलं. 

"म्हणजे तुमच्याकडे उपासाच्या दिवशी खातात?"

"हो. वेगळं खातात. आणि जास्त खातात."

"ईस्टरआधी आमचे लेंटचे उपास असतात. त्यातल्या शुक्रवारी माझी आई मांसाला शिवायची नाही," ते म्हणाले. "आम्हाला तळलेल्या माशांची परात मिळायची. आम्ही शुक्रवारची वाट पाहायचो." मग चेहरा पुन्हा होता तसा झाला. "आठ आठवडे. साखर उतरली नाही तर इन्सुलिन, आणि मग माझ्याकडे येऊ नका."

कंपनीची तपासणी नवव्या आठवड्यात होती.

मी खाली आले. छापील कागद काळसेकरांच्या हातातून घेतला आणि फाडून टोपलीत टाकला. घरी रोज काय होतं, असं काकूंना विचारलं. पोळी, भाजी, आमटी, भात, ताक. मी म्हटलं, तेच खायचं. फक्त दोन पोळ्या, भात एक वाटी, उसळ रोज, आणि भाजी भातापेक्षा जास्त. न्याहारीही रोज करायची, उपाशी पोटी स्टिअरिंग धरायचं नाही. साबुदाणा बंद. काळसेकरांना हे फारच सोपं वाटलं. इतक्या सोप्याने काही होईल यावर त्यांचा विश्वास बसेना.

"आणि किती दिवस करायचं?" त्यांनी विचारलं.

"नेहमी."

"म्हणजे सोडायचं कधी?"

 आपण उपास धरतो, तेव्हाच तो कधी सोडायचा हे ठरलेलं असतं. डाएटचंही तेच. माझ्याकडे येणारी गोरी माणसंसुद्धा महिनाभर कोबीचं सूप पिऊन मग पिझ्झावर उपास सोडायची. मी म्हटलं, काका, हे धरायचं नाही, म्हणून सोडायचंही नाही. तुम्ही रोज दाढी करता, तसं.

चालण्याचं जास्त अवघड गेलं. न्यूयॉर्कच्या टर्मिनलवर दोन फेऱ्यांच्या मध्ये त्यांना चाळीस मिनिटांचा थांबा असायचा. ड्रायव्हर त्याला लेओव्हर म्हणतात. काळसेकर तेवढा वेळ बसमध्येच बसून पेपर वाचायचे. मी म्हटलं, पंचवीस मिनिटं चाला. ते म्हणाले, युनिफॉर्ममध्ये उगाच फिरताना लोक काय म्हणतील. मी विचारलं, न्यूयॉर्कमध्ये तुम्हाला कोण ओळखतं? त्यावर ते प्रथमच हसले.

निघताना दारात काकू थांबल्या. नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "एक गुरुवार राहू दे. माझ्यासाठी म्हणून."

काळसेकर लगेच म्हणाले, "राहू दे." मग आम्ही गुरुवार बसवला. सकाळी वाटीभर भगर आणि दाण्याची पातळ आमटी, दुपारी ताक आणि एक फळ, संध्याकाळी साधं जेवण, गोड नाही. काकूंनी ते मराठीत लिहून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात काळसेकर पडक्या चेहऱ्याने आले. कुणाच्या तरी मुलीच्या बारशाला चार गुलाबजाम खाल्ले होते आणि त्यानंतर दोन दिवस चालणं बंद. म्हणाले, मोडलं मॅडम, आता काय उपयोग. मी म्हटलं, मोडायला हा उपास नाही. उद्या चाला. त्यांना वजन करायचं होतं, ते रोज सकाळी काट्यावर उभे राहायचे. तो काटा मी आठ आठवड्यांसाठी काकूंना लपवायला लावला.

आठव्या आठवड्याचा रिपोर्ट आला तेव्हा मी तो आधी उलटा ठेवला. मग पाहिला. साखर नॉर्मल नव्हती, पण चांगली उतरली होती. डॉ. कॉनलींनी दोनदा वाचला आणि गोळ्या चालू ठेवा एवढंच लिहिलं. पुढच्या आठवड्यात काळसेकर कंपनीच्या तपासणीत पास झाले. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि लाँड्रीच्या आवाजात जरा रडले. आनंद होताच, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

पुढे निवृत्त झाल्यावर त्यांना इन्सुलिन लागलं. आजार आपल्या गतीने चालतो. पण तोवर बसच्या किल्ल्या त्यांनी स्वतःच्या हाताने डेपोत दिल्या होत्या.

मधल्या काळात एकदा मी कामासाठी न्यूयॉर्कला त्यांच्या बसने गेले. सगळे उतरल्यावर मी मागे थांबले. म्हटलं, चाळीस मिनिटं आहेत, गप्पा मारू. त्यांनी घड्याळ पाहिलं, टोपी सीटवर ठेवली.

"बसायचं असलं तर बसा मॅडम. माझी चालायची वेळ झाली."

आणि ते खरंच गेले. मी रिकाम्या बसमध्ये पाच मिनिटं बसले आणि मग मीही उतरले.

माझ्या रिकॉलच्या फॉर्मवर त्यानंतर हाताने लिहिलेली एक जादा ओळ असायची, उपासाला काय खाल्लं. मी 'नथिंग' हा शब्द पुन्हा कुठल्याच फॉर्मवर लिहिला नाही. एका माणसाची नोकरी त्या शब्दापायी जाणार होती. 'काही नाही' म्हणजे काय काय, हे विचारायला मला दोन मिनिटं लागली असती.