बसप्पा सरांची जबानी

सोनपेठच्या टॉकीजात दर रविवारी दुपारी परदेशी सिनेमा लागतो. बसप्पा सर पडद्याखाली खुर्ची टाकून बसतात आणि खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळी माइकवर मराठीत सांगतात. तीस वर्षं त्यांनी इंग्रजी शिकवलं. निम्मे प्रेक्षक त्यांचेच विद्यार्थी. निवृत्तीनंतर लोक आपलं ऐकतील अशी सरांना ही एवढीच जागा उरली होती. खोड एकच, पदरचं घालायची. मागच्या खेपेला त्यांनी एका इटालियन विधवेचं परस्पर लग्न लावून दिलं. तेव्हा टॉकीज चालवणाऱ्या राजेश्रीने बजावलं, "सर, आता एक शब्द जरी जास्त झाला, तर माइक बंद. कायमचा."

या रविवारी जुना फ्रेंच गुन्हेपट होता. ओव्हरकोटातला एक माणूस दाढी करतो, बटणं लावतो, जिना उतरतो, एकाला गोळी घालतो आणि घरी येऊन कोट टांगतो. वीस मिनिटं कुणी अवाक्षर काढत नाही. सरांनीही काढलं नाही.

"सर, माइक बंद हाय का?" किराणा दुकानदार दत्तरावांनी विचारलं.

"चालू हाय," सर म्हणाले. "पडद्यावरचा त्योच बोलंना झालाय."

"घरी भांडण झालं असल," भाजीवाल्या सरजाबाई म्हणाल्या.

शेवटी पडद्यावर इन्स्पेक्टर आला. खून झाला तेव्हा कुठे होतास, असं त्याने विचारलं. सरांनी खुन्याच्या उत्तराची ओळ वाचली आणि सांगितलं, "मी घरीच होतो."

टॉकीज खवळलं.

"सर! आमी डोळ्यानं पाहिलं की!"

"लिंगायत माणूस, गळ्यात इष्टलिंग हाय अन् धडधडीत खोटं बोलायलेत," सरजाबाई म्हणाल्या.

'असं तो म्हणतो' एवढं जोडलं असतं तर सर सुटले असते. पण ते पदरचं झालं असतं. इन्स्पेक्टर चिवट निघाला. त्याने तीनदा विचारलं, सर तिन्ही वेळा घरीच होते. चौथ्यांदा त्यांनी सदऱ्यावरून गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला.

"मीच मारलं, साहेब. कोट घालून गेलतो."

टाळ्या पडल्या. पडद्यावर इन्स्पेक्टरने खुन्याला सिगारेट दिली, दार उघडलं आणि सोडून दिलं.

"कबूल केलं तरी सोडला?" दत्तराव उभेच राहिले. "पोलीस हायत का सोयरे?"

राजेश्रीने येऊन माइकची वायर उपटली.

सर उठले आणि चौथ्या रांगेत जाऊन बसले. सरजाबाईंनी टोपली सरकवून जागा केली. पडद्यावर एक बाई खुन्याला रडत रडत बरंच काही सांगत होती.

"काय म्हणायलीय, सर?"

"मला काय माहीत," सर म्हणाले. "गप बसा जरा. सिनेमा बघायलोय."