कफीलची बंदूक माझ्या अंगणात

इथे अरबांच्या मुलखात, राबिघला, आमची खोली कफीलच्या घरामागेच आहे. कफील म्हणजे ज्याच्या नावावर ह्यांचा इकामा, इथे राहायचा परवाना, तो. त्याची मर्जी फिरली की आम्ही परत चिपळूणला. हे त्याच्याकडे सुतारकाम, पॉलिश करतात. एकदा संध्याकाळी हे आले आणि भिंतीला काय उभं केलं, तर बंदूक! खरी! कफीलच्या आजाची, लष्करातली. गोळ्या नाहीत, कागद आहेत, सगळं ह्यांनी सांगितलं. पण माझं लक्ष कुठे, पोरगी रांगत नेमकी तिकडेच.

"घाबरतेस काय गो? त्याला बैठकीत लावायला चकाचक हवीय. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत बघतो, मग सांगतो."

"बघायचं काय त्यात? पॉलिश करा नि द्या परत."

"पॉलिशला घासली की आजाची खूण गेली," हे म्हणाले. नेम धरताना आजाचा गाल टेकून टेकून लाकूड एका जागी काळं, गुळगुळीत झालं होतं. तिथून ह्यांचं बोट हलेना. माझ्या गालाकडे कधी एवढं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे कामाला गेले आणि घरात आम्ही तिघी. मी, पोरगी आणि ती. आमच्यात दसऱ्याला रंध्या-करवतीला हळदकुंकू लावतात, मग हत्यार उलटत नाही. दसरा नव्हता, पण हत्यार तर होतं! मी ओली हळद कालवली, लाकडावर चांगली बोटं ओढली, पाया पडले, म्हटलं बाई, माझ्या पोरीला काही करू नकोस.

ह्यांनी आल्या आल्या बघितलं. पुसलं, परत पुसलं. पिवळं आत मुरलेलं.

"झालं! आता घासण्यावाचून इलाज नाही. आजाला तूच पोचवलंस."

हे सँडपेपर शोधायला लागले आणि मला एकदम सुचलं. अहो, पोरीच्या झबल्यावरची हळद उन्हातच जाते की!

"बंदूक उन्हात? कुणी बघितलं म्हणजे?"

म्हणून मी नळी पोरीच्या गोधडीत गुंडाळली, नुसतं लाकूड उघडं ठेवलं आणि अंगणात बाजेवर निजवली. जिला भीत होते तिच्या उशाशी मीच राखण बसले. कुणी जवळ आलं की थोपटायचे.

शुक्रवारी नमाजानंतर कफील आला. "बच्चा धूप में सोता है?" म्हणाला आणि त्याने गोधडी उचलली.

पिवळा डाग गेला होता, पण अगदीच नाही असं नाही.

त्याला तो दिसलाच नाही. त्याने बंदूक खांद्याला लावली, गाल नेमका त्या काळ्या जागी टेकला. उन्हाने लाकूड तापलेलं. डोळे मिटले, आजाच्या गालाला गाल लावावा तसे. मग ह्यांना म्हणाला, "खलास. पॉलिश नहीं."

ती गेली. इकामा राहिला. गोधडीला मात्र बंदुकीच्या तेलाचा वास लागलाय, कितीही धुतली तरी जात नाही, आणि पोरीला आता त्या गोधडीशिवाय झोप येत नाही.