ताईचा प्रश्न आणि तांब्याची तार

फायबरचं इंटरनेट येऊ नये असं वाटणारी मिशिगनमधल्या आमच्या अख्ख्या ट्रॉय गावात मी एकटीच असेन. नवऱ्याला ते कधीपासून हवं होतं. सगळी हयात मोटारींच्या कंपनीत इंजिनियर म्हणून घालवलेला माणूस. फोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून येणारं आमचं रडकं इंटरनेट त्याला घराण्याला लागलेला बट्टा वाटायचं. मुलगा टेक्सासमधल्या प्लेनोहून फोन करायचा तेव्हा त्याचंही तेच. "आई, नोबडी हॅज दिस एनीमोअर!"

"चाललंय ना? मग नसती उठाठेव कशाला?" मी म्हणायची.

खरं कारण कुणाला सांगितलं नव्हतं. नागपूरला माझी ताई राहते. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, शाळेची रिटायर्ड हेडमास्तरीण, मूलबाळ नाही, भाऊजी गेल्यापासून एकटीच. अमेरिकेला निघताना मी तिला सांगितलं होतं, चार वर्षं राहतो आणि परत येतो. इथली आमची पिढीच्या पिढी हेच सांगून निघाली. मग ग्रीन कार्ड होऊ दे, मग मुलाची शाळा होऊ दे, मग कॉलेज होऊ दे, आणि मग "रिटायर झालो की नक्की." त्या 'नक्की'वर भरवसा ठेवून त्या बिचारीनं घरावर आमच्यासाठी एक खोली चढवली, कमोड बसवून घेतला. आता रिटायर होऊनही आम्हाला तीन वर्षं झाली होती आणि आम्ही जाणार नव्हतो. नातवंडं इथे, डॉक्टर इथले, आणि खरं सांगायचं तर सवयच इथली झालीय. पण हे ताईला तोंडावर सांगायची माझी छाती होत नव्हती.

दर रविवारी सकाळी आठला टॅबलेटवर तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिचे गुडघे, माझे गुडघे, शेजारणीची सून, सगळं व्हायचं आणि शेवटी हेडमास्तरीण चष्मा सावरायची. "मग? कायमचे केव्हा येऊन राहिले?"

बरोबर तिथे मी गोठायची. तोंड अर्धं उघडं, हात हवेत, पापणी हलू द्यायची नाही. इंटरनेट अडकलं की समोरचा माणूस कसा दिसतो ते शंभरदा पाहिलं होतं, त्यामुळे हुबेहूब जमायचं. दहा सेकंद श्वास रोखायचा, मग हळूच लाल बटण दाबायचं. पाठोपाठ मेसेज, "लाइन गेली गं मेली!" एकदा भर गोठण्यात शिंक आली, तीही गिळली. शरम वाटायची नाही असं नाही, पण पुढच्या रविवारपर्यंत सुटका व्हायची.

मग एक दिवस फोन कंपनीचं पत्र आलं. आमच्या भागातल्या तांब्याच्या लाइनी बंद होणार, फायबर घ्या. नवरा पत्र हातात नाचवत आला. मी भडकलेच. "आपल्याला न विचारता बंद करतात म्हणजे काय? इथे लोकशाही आहे की नाही?"

"लोकशाहीचा आणि राउटरचा काय संबंध?"

मी अपॉइंटमेंट दोनदा पुढे ढकलली. एकदा दाताचं निमित्त, एकदा पाहुण्यांचं. पाहुणे काही आले नाहीत. तिसऱ्या वेळी नवऱ्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुझा नक्की प्रॉब्लेम काय आहे?"

"माझा काही प्रॉब्लेम नाही! तुम्हालाच मेली सगळ्याची घाई!"

एका शनिवारी टेक्निशियन आलाच. उंचापुरा, हसरा गडी. आमचे हे त्याच्यामागून घरभर फिरत होते, लग्नघरात यजमान मांडववाल्याच्या मागे फिरतात तसे. मी पोहे केले, मनात म्हटलं, खाण्यात वेळ जाईल. त्यानं दोन बश्या खाल्ल्या, वर आईला नेऊ का म्हणून विचारलं आणि तरी वेळेच्या आत काम उरकलं. नवी तार तर शिवायच्या दोऱ्याएवढी. जुनी तार त्यानं कापली तेव्हा मी खिडकीकडे तोंड फिरवलं. नवरा टाळ्या वाजवत होता.

रविवारी आठला ताई आली आणि मी बघतच राहिले. तिच्यामागच्या कालनिर्णयावरच्या एकादश्यासुद्धा वाचता येत होत्या. पंख्याच्या जाळीची तार न् तार दिसत होती. आणि ताई केवढीशी झाली होती! गाल बसलेले, एका भुवईवर जखमेचा वण. इतके दिवस तो ठिपक्याठिपक्यांचा चेहरा बघून मी "छान दिसतेस" म्हणत होते.

"वण कसला गं?" विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं चष्मा सावरला. "मग? कायमचे केव्हा..."

झालं! सवयीनं मी गोठले. तोंड तसंच उघडं.

ताई थांबली. तिचा पंखा गरगर फिरत होता. मग ती शांतपणे म्हणाली, "होऊ दे तुझं. मी बसून आहे."

माझी पापणी हलली.

"अगं, तू गोठली की मागून तुझा नवरा चहाचा कप घेऊन चालत जातो. लाइन काय एकट्या तुझ्या तोंडाचीच जाते का?"

हसू फुटलं आणि त्या हसण्यातच सगळं बाहेर पडलं. "ताई, आम्ही नाही येणार गं. कायमचे नाही. मला सांगताच आलं नाही."

ती रागावेल, निदान गप्प होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "हुश्श! वरच्या खोलीत दिवाळीपासून दोन मुली राहतात. नर्सिंगच्या आहेत. मी बाथरूममध्ये पडले होते गं. दोन तास तशीच. हा त्याचाच वण. तेव्हा ठरवलं, घरात सोबत पाहिजे. पण खोली तुझी, तुला विचारल्याशिवाय कशी द्यायची? म्हणून तर दर रविवारी विषय काढत होते. अन् तू पुतळा! शेवटी न विचारताच दिली, अन् तेही तू सांगू देशील तर ना!"

आधी, खोटं कशाला बोलू, मला रागच आला. माझी खोली! न सांगता! आणि मग कळलं की ती दोन तास फरशीवर पडून होती, त्यासाठीच दर रविवारी मला विचारत होती, आणि मी डोळे वटारून श्वास रोखून बसत होते. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"ताई..." मी सुरुवात केली.

तेवढ्यात तिनं जिन्याकडे तोंड करून हाक मारली आणि दोन पोरी धावत आल्या. एकीनं ताईच्या खांद्यावर सहज हात ठेवला, मी कितीतरी वर्षांत ठेवला नव्हता तसा. "नमस्ते मावशी!" दोघी एकदम म्हणाल्या. मी हात जोडले आणि ढसाढसा रडायला लागले.

"काय रडून राहिली अशी?" ताई ओरडली. "नाक पूस आधी. पोरी बघतात!"