रावेरची केळी आणि काकडीचे वेल

रावेरला जायचं ठरलं ते आतेभाऊ जितूच्या फोनमुळे. तिथल्या एका शाळेत तो नववी-दहावीला शेती हा व्यवसाय विषय शिकवतो. "पोरांनी केळी लावलीय. बघून जा, जमलं तर लिही," म्हणाला. पावसाळा सरत आला होता. गाडी काढली आणि नाशिकहून निघालो.

धुळ्यापर्यंत रस्ता चांगला आहे. तिथे शेवभाजी खा, पण तिखट सोसत नसेल तर रस्सा आधी चाखा. पारोळा, एरंडोल करत संध्याकाळी जळगाव गाठलं. स्टेशनजवळ साध्या लॉज हजाराच्या आत मिळतात. माझ्या खोलीला ओलीचा वास होता.

सकाळी भुसावळ मागे टाकलं तेव्हा दीपनगर वीजकेंद्राच्या चिमण्या ढगांत अर्ध्या बुडालेल्या होत्या. फैजपूर-सावद्याच्या पुढे दोन्ही बाजूंना केळीच केळी. हा प्रवास करणाऱ्यांनी इथे सावकाश जावं. केळीचे ट्रक वळणावर अंगावर येतात.

शाळेमागच्या वावरात दहावीची मुलं उभी होती. कमरेएवढ्या रोपांच्या पानांवर पिवळे पट्टे. ओळींच्या मधे काकडीचे वेल पसरलेले.

"केळीत काकडी," वावराचे मालक नाना म्हणाले. "जितूभाऊ, पोरायचं सोडा, तुम्ही तरी मास्तर ना?"

काकडीवरचे मावा किडे बरा न होणारा रोग केळीवर नेतात, म्हणून इथे कुणी असं लावत नाही. मुलांना मधल्या सुट्टीत खायला काहीतरी हवं होतं. कल्पना दहावीतल्या मुस्कानची. जितूने हो म्हटलं होतं.

"दोन ओळींमधे जागा मोकळी दिसली," तो मला हळूच म्हणाला. "तेवढंच डोक्यात आलं."

"बाजूला माह्या पाच हजार खोडं उभी आहे," नाना म्हणाले. "आज सगळं उपटा लागीन. अन् पुढच्या साली वावर मागू नका."

मुस्कानचे वडील रफिकभाई ट्रकमध्ये केळी भरतात. घरी शेत नाही. दहावीनंतर तिला कृषी पदविकेला जायचंय. वडिलांची अट एकच होती: शाळेच्या केळीचा घड स्वतःच्या हाताने ट्रकात चढवीन, मग पाठवीन. जितूने हे मला फोनवर हसत सांगितलं होतं.

दुपारपर्यंत उपटणं चाललं. रोपं मुळासकट निघत होती, कारण लावली नीट होती. एक मुलगा म्हणाला, "मुस्कान, काकडी गोड होती पण." कुणी हसलं नाही. तिने वेल गुंडाळून खड्ड्यात टाकले, वरून माती लोटली. मी निघताना माझ्याजवळ आली.

"काका, अब्बा सावद्याच्या नाक्यावर असतील. त्यांना सांगू नका. मी सांगते."

नाक्यावर चहाला थांबलोच. ट्रकजवळ खांद्यावर गोणपाट घेतलेला माणूस होता. गाडीचा नाशिक पासिंग नंबर बघून जवळ आला.

"जितू सरांचे पाहुणे ना? पोरीची केळी पाहिली? कशी आहे?"

"मेहनत घेतलीय मुलांनी," मी म्हणालो.

"पुढच्या जूनला घड मीच चढवणार," तो जोडीदाराकडे वळून म्हणाला. "हा हसतो. म्हणतो, पोरींचा घड, दोन फण्यांचा."

"उचलायला हलका जाईल तुला," जोडीदार म्हणाला.

चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत.

घरी येऊन आठवडा झाला. काल जितूचा फोन आला. विषय पुढच्या वर्षीही राहील. प्रात्यक्षिकाला कुंड्या आणि कोथिंबीर. मुस्कानने त्याच रात्री वडिलांना सांगितलं. ते रागावले नाहीत. पदविकेचं नावही काढलं नाही.

"अन् ती?" मी विचारलं.

"वर्गात येते. शेतीच्या तासाला मागच्या बाकावर बसते."

खानदेशात फिरायला जाणार असाल तर सावद्याच्या नाक्यावरचा चहा चांगला आहे. मला रफिकभाईंनी पाजलेला तो चहा अजून पचलेला नाही.