लंगडीची झोळी

टेलरकाका कोंबडीसाठी ब्लाउज शिवतात, अशी बातमी गल्लीत फुटली तेव्हा कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं बाह्यांची लांबीसुद्धा सांगून टाकली. कुणी म्हणे, पाठीला नाडीही आहे. नाडी होती, ब्लाउज नव्हता. काकांनी एक जुनं स्टूल उलटं केलं, वर आलेल्या चार पायांना जाडंभरडं सुती कापड बांधलं आणि त्याला दोन भोकं पाडून काठ दुमडून शिवले. झाली झोळी. त्या भोकांतून पाय खाली सोडून लंगडी उभी राहायची आणि समोर टांगलेल्या वाटीतले दाणे टिपायची.

लंगडी म्हणजे काकांच्या परसातली तांबडी कोंबडी. डावा पंजाच नाही. मोकळी सोडली की छातीवर फरफटायची, छातीची पिसं झडायची आणि बाकीच्या पाळीपाळीनं तिच्या टाळक्यात चोच मारायच्या. झोळीत ती सगळ्यांच्या बरोबरीनं उभी दिसे. मग त्यांनाही वाटे, हिला आता कुठं मारायचं! उरलेल्या खुंटाला काका मऊ फ्लॅनेलचा मोजा घालत. संध्याकाळी बाकीच्या उडून दांडीवर बसल्या, की हिला उचलून खालच्या फळीवर ठेवत. काकूंचे एवढे लाड त्यांनी लग्नानंतरही केले नव्हते, हे काकूंनीच सांगितलेलं.

पंजा कुणी खाल्ला? तर शेजारच्या आजींच्या बोक्यानं. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त काकांना, कारण खरं काय ते त्यांना माहीत होतं.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. काकू रोज बजावायच्या, "अहो, कचरा डब्यात टाका, दोरे परसात नकोत." काका हो म्हणायचे आणि केरसुणीनं सगळं मागच्या दारातून उडवायचे. डबा लांब, दार जवळ. लंगडी तेव्हा पिल्लू होती, कचरा उकरायची. जांभळ्या दोऱ्याचा एक गुंता तिच्या पायात अडकला. पाय वाढला, दोरा थोडाच वाढतो? काकांनी पाहिलं तेव्हा पंजा काळा पडला होता. छोट्या कात्रीनं त्यांनी दोरा कातरला, तसा वाळलेला पंजा गळूनच पडला.

दोरा खिशात घालतात न घालतात तोच काकू बाहेर आल्या. "अगंबाई! कुणी केलं हे?" काकांनी मान वर केली. आजींच्या बाजूच्या भिंतीवर बोका बसून पाय चाटत होता. काका त्याच्याकडे नुसते बघत राहिले. खोटं असं एक अक्षर ते बोलले नाहीत. बाकीचं सगळं काकू बोलल्या, भिंतीवरून, मोठ्यानं.

वास्तविक त्या बोक्याला उंदीरसुद्धा घाबरत नसत. पण आजींनी त्याला खाटेच्या पायाला बांधून घातलं. वर रोज सकाळी वाटीभर भरडा भिंतीवरून द्यायला लागल्या. "माझ्याच्यानं एवढंच होतं रे बाबा. लंगडीला घाल."

काका वाटी घ्यायचे, पण आजींच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. बोलायचं नसलं की तोंडात टाचण्या धरायच्या ही त्यांची जुनी खोड. गिऱ्हाईक "कपडे कधी देणार?" म्हणालं की टाचण्या. आता आजी दिसल्या की टाचण्या. मोजा बदलायचा, छाती पुसायची, झोळी धुवायची, सगळं मान खाली घालून. लंगडी त्यांच्या मांडीवर डोळे मिटून घ्यायची. तिच्या त्या विश्वासाचीच त्यांना जास्त लाज वाटायची.

एका सकाळी आजी करंडी घेऊन मागच्या दारात आल्या. आत बोका. रस्त्यावर आजींचा पुतण्या स्कूटरचा भोंगा वाजवत होता.

"धाडते याला पुतण्याकडे," आजी म्हणाल्या. "त्याच्या गोदामात राहील. लंगडीला बघितलं की घास उतरत नाही मला." आणि पदरानं डोळे टिपले.

"बरं केलंत," काकू म्हणाल्या.

काका झोळीची नाडी बांधत होते. तोंडात टाचण्या. पुन्हा भोंगा वाजला. आजी वळल्या. तशी काकांनी एकेक टाचणी काढून मनगटावरच्या टाचण्यांच्या उशीला टोचली.

"आजी, थांबा. बोक्यानं काही केलं नाही. माझा दोरा होता."

"कुठला दोरा?" काकूंनी विचारलं.

"परसात टाकू नका म्हणायचीस, तो."

काकूंनी हातातलं भांडं खाली आदळलं. "आणि मी आजींना नाही नाही ते बोलले! तुम्ही ऐकत उभे होतात!"

"इतके दिवस माझा भरडा खाल्लास की रे!" आजी म्हणाल्या.

'मी नाही, लंगडीनं खाल्ला,' हे जिभेच्या टोकावर आलं होतं. ते मात्र काकांनी गिळलं. त्यांचे कान लाल झाले होते. पुतण्या भोंगा विसरून दारात येऊन उभा राहिला होता, म्हणजे दुपारपर्यंत न्हाव्याकडे बातमी पोचणार होती.

आजींनी करंडी खाली ठेवून झाकण काढलं. "माझी माफी नको. याची माग."

बोका बाहेर आला, अंग ताणलं आणि झोळीतल्या लंगडीकडे टक लावून बसला. काका त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"चुकलं माझं, बोकोबा. पण तू असा तिच्याकडे बघत बसलास, तर माझं खरं कोण मानेल?"